गळा साडेसतरा

"साडेसतरा," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंची टेप अजून भाऊजींच्या गळ्याभोवती पुरती फिरलीही नव्हती. त्यांनी ती जुळवली, चष्मा कपाळावर सरकवून आकडा पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

"साडेसतराच आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"मी यांचे शर्ट शिवतो," मी म्हणालो. "आणि बाई, तुमची टेप प्लॅस्टिकची आहे, ती ताणली गेलीय. तुम्ही ढिली धरलीत म्हणून माप बरोबर आलं, नाहीतर सतरा दाखवलं असतं."

"तू गप रे मास्तर," भाऊजी म्हणाले. "इथे माझी नोकरी टांगणीला लागलीय आणि हा टेपा तपासतोय."

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एकतीस वर्षं ट्रक चालवतात. मी शिंपी, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. त्यांना सगळं यार्ड 'भोंगा' म्हणतं. हे नाव आपल्या पहिल्या ट्रकच्या दणदणीत हॉर्नमुळे पडलं, असं त्यांचं मत आहे आणि इतक्या वर्षांत ते खोडून काढायची हिंमत कुणाला झाली नाही.

ताई, भाऊजी आणि मी असे तिघं दवाखान्यात आलो त्याचं कारण वजनकाटा. आठवड्यापूर्वी भाऊजी भरलेला ट्रक घेऊन यार्डाच्या काट्यावर चढले. वजन झालं. काटेवाल्याने खिडकीतून पावती बाहेर धरली, पण ती घ्यायला हात आला नाही. ट्रकचं इंजिन चालू, दिवे चालू आणि भाऊजी स्टिअरिंगवर बंद. मागे चौदा गाड्या खोळंबल्या. अकरा मिनिटं चौदाही जणांनी हॉर्न वाजवले, तरी केबिनमधला आवाज त्या सगळ्यांच्या वर होता, असं तो काटेवाला शपथेवर सांगतो.

"झोपलो नव्हतो," भाऊजींनी मालकांना सांगितलं होतं. "डोळे मिटून विचार करत होतो."

"कसला विचार?"

"तेच आता आठवत नाहीये."

मालक तसे भले गृहस्थ. ओरडले नाहीत. त्यांनी फक्त ट्रकची चावी आपल्या टेबलाच्या खणात टाकली आणि म्हणाले, "भोंगा, काट्यावर झोपलास, तिथे गाडी उभी होती. घाटात झोपलास तर मी तुझ्या बायकोला काय सांगू? डॉक्टरचा कागद आण आणि चावी घेऊन जा. तोवर रात्रपाळीला गेटवर बस."

चोपन्नाव्या वर्षी, सोळा चाकांवरून उतरून एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. भाऊजी आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

"घोरता का तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले.

"हो," ताई म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकाच वेळी आली. बाईंनी पेन उचललं आणि ताईचं लिहून घेतलं.

"हे बघा डॉक्टर," भाऊजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "मी आजवर एकदाही माझं घोरणं ऐकलेलं नाही. आणि माझे कान उत्तम आहेत. टायरमधली हवा दोन पौंड कमी झाली तरी मला आवाजावरून कळतं."

ताईने जांभई दिली. ताईला जांभया येतातच, आम्हाला त्याची सवय आहे. ती घरी पाळणाघर चालवते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अकरा पोरं सांभाळते, त्यामुळे थकत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तरी आता आठवतं, लग्नाआधी ती अशा जांभया देत नव्हती.

मग तपासणी झाली. भाऊजींना एक रात्र दवाखान्यात झोपवलं, डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावल्या. सकाळी मी न्यायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, ट्रकलासुद्धा एवढं वायरिंग नसतं." दोन दिवसांनी निकाल आला. डॉक्टरीणबाई वयाने लहान, आवाजही लहान, पण आकडा मोठा होता.

"काका, झोपेत तुमचा श्वास तासाला बेचाळीस वेळा थांबतो."

भाऊजींनी क्षणभर विचार केला. "म्हणजे बेचाळीस वेळा सुरूही होतो ना?"

"हो, पण..."

"मग झालं तर! हिशेब चुकता."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर घसा काढला, त्यात हवा कशी अडते ते दाखवलं आणि सांगितलं की असा माणूस रात्रभर झोपतो पण त्याची झोप होतच नाही, म्हणून ती दिवसा, नको तिथे वसूल होते. काट्यावर वसूल झाली हे नशीब. गळा जाड असला की हे जास्त होतं. मग त्यांनी एक मशीन टेबलावर ठेवलं. बुटाच्या खोक्याएवढं. त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क. मशीन हवा आत ढकलत राहतं, घसा मिटत नाही.

"रोज किमान चार तास, तीस दिवस. मशीन सगळी नोंद ठेवतं, किती तास लावलं, श्वास किती वेळा थांबला. तीस दिवसांनी घेऊन या. आकडे चांगले असले तर मी तुम्हाला गाडीसाठी कागद देईन."

"आणि नसले तर?"

"तर अवजड गाडी बंद, काका."

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. हे मी या माणसाच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं.

आता इथे मला मापाच्या वहीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असतं. भाऊजींचं पान सगळ्यात जुनं, कारण त्यांच्या लग्नातला शर्ट हा मी आयुष्यात शिवलेला पहिला शर्ट. मी तेव्हा सतरा वर्षांचा, उमेदवारी करत होतो. गळा पंधरा. मग साडेपंधरा, सोळा, साडेसोळा. दर काही वर्षांनी भाऊजी यायचे, गळ्यात बोट घालायचे आणि म्हणायचे, "मास्तर, तू कॉलर घट्ट शिवतोस लेका." मी टेप लावायचो, जुना आकडा खोडून नवा लिहायचो आणि मनात म्हणायचो, चला, खाऊन पिऊन सुखी आहेत. दवाखान्यातून आलो त्या दिवशी मी ते पान उघडून बसलो. माणसाचा गळा अठ्ठावीस वर्षं माझ्या हातात होता आणि मी फक्त कापड वाढवत गेलो. मला स्वतःची लाज वाटली.

मशीन घरी आलं आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. भाऊजी गेटवरून रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे आणि दिवसा झोपायचे. दिवसा घरात अकरा पोरं. भाऊजींनी आतल्या खोलीत मास्क चढवला, तेवढ्यात एक दीड वर्षांचं पोर रांगत दारात आलं. त्याने त्या सोंडेकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की उरलेल्या दहा जणांनी कारण न विचारता त्याला साथ दिली. ताईच्या नाकी नऊ आले. भाऊजींनी मास्क उपटून फेकला.

"तोबरा आहे हा तोबरा! घोड्याच्या तोंडाला बांधतात तो! एकतीस वर्षं मी वाऱ्याला कापत गेलो, आता वारा माझ्या नाकात शिरणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मशीन पिशवीत घालून माझ्या दुकानात आले. ताईला सांगून आले की घरी पोरं घाबरतात, मी मास्तरकडे झोपतो. माझं दुकान म्हणजे खाली कापायचं टेबल, दोन शिलाई मशीनं आणि वर लाकडी पोटमाळा, त्यावर माझी गादी. मी एकटा माणूस, मला तेवढं पुरतं.

"मास्तर," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुझा गळा किती?"

"साडेतेरा. का?"

"तू घोरतोस?"

"नसावा. विचारणार कुणाला?"

"म्हणजे तू अगदी योग्य माणूस आहेस. हे मशीन तू लाव."

मी कात्री खाली ठेवली. "भाऊजी, आजार तुम्हाला आहे."

"पण नोंद मशीनमध्ये आहे! मशीनला काय कळतंय नाक कुणाचं आहे ते? तू चार तास लावून पड, आकडे झकास येतील, मला कागद मिळेल, मला चावी मिळेल. यात कुणाचं नुकसान आहे सांग."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तुम्हाला भाऊजी माहीत नाहीत. माझं पहिलं शिलाई मशीन त्यांनी तीनशे किलोमीटरवरून केबिनमध्ये, शेजारच्या सीटवर बसवून, पट्टा लावून आणलं होतं. मागे माल होता, तिथे ते हादरेल म्हणून. एकदा ब्रेक जोरात लागला तेव्हा त्यांनी आधी त्याच्यापुढे हात आडवा धरला, ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही, क्लीनरने सांगितली. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला आजही येत नाही.

"तीस दिवसच ना?" मी म्हणालो.

"तीसच. आणि तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये."

झालं. रोज एक ते पाच दुकान बंद. मी शटर कमरेपर्यंत खाली ओढायचो, पोटमाळ्यावर चढायचो आणि सोंड लावून पडायचो. खाली कापायच्या टेबलावर, शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्याला टेकून, भाऊजी झोपायचे. ज्याला आजार तो मोकळा आणि ज्याला नाही तो बांधलेला. गल्लीत बोलणं सुरू झालं. मास्तर दुपारी दुकान का बंद करतो? कुणी म्हणालं, लग्न जमलंय. कुणी म्हणालं, दारू. एक शिक्षिका आपली पँट उंचीला कमी करायला म्हणून शटरखालून वाकून आत आल्या. मी शिडीवरून मास्कसकट डोकावलो आणि "काय हवंय" असं विचारलं. मास्कमधून ते घुंई घुंई एवढंच ऐकू गेलं. बाई पँट टाकून पळाल्या. ती पँट अजून माझ्याकडे आहे, पण गल्लीतल्या इतर गप्पा त्या दिवसापासून बंद झाल्या आणि मला काही तरी गंभीर झालंय यावर सगळ्यांचं एकमत झालं. शेजारचा घड्याळवाला मला न मागता फळं आणून द्यायला लागला. ती भाऊजींनी खाल्ली.

सुरुवातीचे दिवस मी खरंच झोपायचो. मशीनची हवा गार असते, बरं वाटतं. खाली भाऊजींचा आवाज चालू असायचा, डिझेल इंजिन चढाला लागल्यासारखा, पण आवाजाला माणूस सरावतो. मला जाग आली ती नवव्या दिवशी, आणि आवाजाने नाही, आवाज थांबला म्हणून.

मी डोळे उघडून पडून राहिलो. खाली काहीच नाही. घोरणं नाही, श्वास नाही. मी आकडे मोजायला लागलो, का कुणास ठाऊक. दहा. पंधरा. वीस. मी गडबडून उठलो आणि कठड्यावरून खाली पाहिलं. भाऊजींची छाती नुसतीच हलत होती, आत काही जात नव्हतं. तोंड उघडं, चेहरा काळानिळा. अठ्ठावीस. मला शिडी उतरायचं सुचेना, नळी पुरणार नाही एवढंच डोक्यात. हाताशी लाकडी गज होता, कापड मोजायचा. तो मी खाली सोडला आणि त्यांच्या बरगडीत खुपसला.

"हॉंऽऽक," असा आवाज करून भाऊजींनी हवा ओढली, कूस बदलली आणि इंजिन पुन्हा चढाला लागलं. जाग आली नाही. मिनिटाभराने पुन्हा थांबलं.

त्या दिवसापासून मी झोपलो नाही. रोज चार तास मी मास्क लावून पोटमाळ्यावर पालथा पडायचो, गज खाली सोडून, मासे पकडणाऱ्या माणसासारखा. थांबलं की खुपसायचं. दोन-तीनदा भाऊजी म्हणाले, "मास्तर, तुझ्या टेबलाला काही तरी टोचतं रे," आणि मी हो म्हटलं. एक विचार मात्र डोक्यातून जाईना. इथे मी आहे, गज आहे. हायवेवर, गाडी बाजूला लावून हा माणूस केबिनमध्ये झोपतो, तिथे कोण खुपसतं?

विसाव्या दिवशी मी बोललो. "भाऊजी, उरलेले दहा दिवस तरी तुम्ही लावा. मी पाहतोय रोज. भीती वाटते मला."

"तू शिंपी आहेस, डॉक्टर होऊ नकोस."

"मी अस्तर लावून देतो मास्कला. मऊ करतो. घोड्यासारखं वाटणार नाही."

"मास्तर," ते म्हणाले, आणि या वेळी आवाजात चेष्टा नव्हती, "मी तो लावला की मी आजारी माणूस. माझ्याबरोबरचे दोघं असेच आधी गोळ्या, मग पथ्य, मग गेटवर बसले. गेटवरून परत गाडीवर गेलेला एक माणूस मला दाखव. मला गेटवर मरायचं नाहीये रे."

मी गज घेऊन वर गेलो.

तीस दिवस भरले. आम्ही तिघं पुन्हा दवाखान्यात गेलो. मी नको म्हणत होतो, पण भाऊजी म्हणाले, तू नाही आलास तर तुझ्या ताईला शंका येईल. ताईने पाळणाघर शेजारणीवर सोपवलं होतं. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळा साडेसतरा, वरचं बटण उघडं.

डॉक्टरीणबाईंनी मशीनमधली चिप काढली, संगणकाला लावली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! काका, पहिला दिवस सोडला तर एकही चुकवला नाहीत. रोज पुरे चार तास. आणि श्वास थांबणं बेचाळीसवरून... एक! तासाला एक! असे आकडे मी फार थोड्यांचे पाहिलेत."

"मनावर घेतलं की होतं," भाऊजी म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होतो.

"नवव्या दिवसानंतर तर शून्यच." साहजिक होतं. जागा माणूस कशाला थांबेल?

बाईंनी कागद पुढे ओढला. छापील होता, फक्त नाव आणि सही घालायची. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. भाऊजींची नजर त्या पेनावर अशी खिळली होती की जणू तेच पेन गाडी सुरू करणार होतं.

तेवढ्यात ताईने विचारलं, "म्हणजे आता यांचा श्वास थांबत नाही?"

"नाही, ताई. मशीन लावलं की नाही."

"मी नसले तरी?"

बाईंना प्रश्न कळला नाही. "तुम्ही नसलात म्हणजे?"

ताईने जांभई दाबली आणि जरा ओशाळून हसली. "नाही, मी कोपर मारते ना. हे थांबले की मारते, मग सुरू होतात. लग्न झाल्यापासून मारते. आधी वाटायचं सगळेच पुरुष असे थांबत असतील, मग कुणाला विचारायची लाज वाटायला लागली. पाळणाघरात मी पोरांच्या नाकाखाली बोट धरून बघते ना, तसं रात्री यांच्याही धरते. तेवढ्यात एखादी डुलकी लागते, नाही असं नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे गाडीवर गेले की मग काही करता येत नाही. तेव्हा नुसती जागी असते. म्हणून विचारलं. आता मशीन बघणार ना यांच्याकडे? मग मी झोपू?"

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं.

मी भाऊजींकडे पाहिलं. हा माणूस रस्त्यात मेलेली गाय दिसली तरी शिवी घालून पुढे जाणारा. तो ताईकडे असं बघत होता की जणू ती आत्ताच खोलीत आली होती. मला वाटलं ते काही तरी विनोद करतील. मी वाट पाहत होतो, खरं सांगायचं तर मला तो हवा होता.

"अगं, मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतंत? तुम्ही म्हणता, मी घोरत नाही."

भाऊजींनी हात पुढे केला आणि डॉक्टरीणबाईंच्या हाताखालचा तो कागद, सही व्हायच्या आत, हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"डॉक्टर, हे आकडे माझे नाहीत."

"म्हणजे?"

"याचे आहेत." त्यांनी अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. "गळा साडेतेरा."

पुढचा अर्धा तास मला आठवायचा नाही. एवढ्या लहान आवाजाची बाई इतकं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. मला वेगळं आणि भाऊजींना वेगळं झापलं, मग दोघांना एकत्र. ताई आमच्याकडे न बघता मशीनची नळी गुंडाळत बसली, ते सगळ्यात वाईट. शेवटी बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा तीस दिवस. या वेळी स्वतःच्या नाकाला. आकडे आले तर कागद देईन, पण दिवसाच्या गाडीसाठी. रात्रीचा लांब पल्ला आता विसरायचा, काका. मी खोटी आशा दाखवणार नाही."

"बरं," भाऊजी म्हणाले. एकच शब्द. एकतीस वर्षांचा रस्ता त्या एका शब्दात त्यांनी खाली उतरवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही यार्डात जाऊन त्यांच्या गाडीतलं सामान काढलं, कारण लांब पल्ल्यावर मालकांनी दुसरा माणूस घेतला होता. सामान ते काय? एक उशी, एक टॉवेल, दाढीचा आरसा आणि सीटमागे खिळ्याला लटकवलेला, मी शिवलेला एक जुना शर्ट. मी सवयीने कॉलर उलटून पाहिली. सोळा. भाऊजींनी तो घडी न घालता बगलेत मारला आणि गाडीच्या दाराला बाहेरून दोनदा थाप मारली. नवा ड्रायव्हर तिथेच उभा होता. त्याला म्हणाले, "तिसरा गिअर जरा प्रेमाने टाक. रागीट आहे."

मग मी मास्क दुकानात घेऊन गेलो. जिथे गालाला रुततो तिथे बाळांच्या झबल्याचं मऊ कापड लावून अस्तर शिवलं, पट्टा दोन बोटं वाढवला. पट्टा वाढवताना वहीत नोंद केली. हे एक माप पानावर नव्हतं.

या वेळी भाऊजी माझ्याकडे आले नाहीत. ताईनेच फर्मान काढलं की झोपायचं तर माझ्या डोळ्यांसमोर. मला मात्र रोज दुपारी हजेरी होती, मास्तर पुन्हा लबाडी करत नाही ना हे पाहायला ती मला समोर बसवायची. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा जेवणं आटोपून पोरं झोपवली होती. हॉलमध्ये छोट्या गाद्यांची रांग, अकरा पोरं, आणि रांगेच्या शेवटी, भिंतीला लागून, बारावी मोठी गादी. त्यावर भाऊजी सोंड लावून. पहिल्या दिवशी टाहो फोडलेलं ते पोर आता त्यांच्या शेजारी झोपायचा हट्ट धरतं. नळी मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

ताई रोजच्यासारखी रांगेतून वाकून वाकून गेली. एकेकाच्या नाकाखाली बोट. शेवटी भाऊजींपाशी पोचली. मास्कमुळे बोट कुठे धरायचं तिला कळेना. तिने तळहात त्यांच्या छातीवर ठेवला. छाती वर, खाली. वर, खाली. घरात फक्त मशीनची बारीक फूंफूं. ती तशीच भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागी तिची मान कलली.

मी दुकानातून बरोबर आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिलो. दहा मिनिटं गेली असतील. भाऊजींचा फोन थरथरला. त्यांनी डोळे उघडले, मास्क बाजूला केला आणि कुजबुजत "हं" म्हणाले. खोली इतकी शांत होती की मालकांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"भोंगा, तो नवा माणूस आजारी पडलाय. माल भरून उभाय, आज निघायलाच हवं. कागद नंतर बघू. येऊन चावी घेऊन जा."

भाऊजी फोन कानाला धरून बसले. मी घडी अर्धी सोडली. त्यांनी शेजारी पाहिलं. ताईचा हात अजून त्यांच्या गादीवरच पडला होता, तळवा वर.

"नाही जमणार," ते हळू म्हणाले. "अजून सव्वीस दिवस आहेत."

"अरे, जोरात बोल, ऐकू येत नाहीये!"

"जोरात नाही बोलता येत. घरात माणसं झोपलीत."

त्यांनी फोन बंद केला, नुसता ठेवला नाही, बंदच केला. मग मास्क परत लावायला घेतला, आणि थांबले. कान टवकारले. टायरमधली हवा दोन पौंड कमी झाल्यावर टवकारतात तसे. मीही ऐकलं. ताईकडून, अगदी बारीक, पण स्पष्ट आणि एका लयीत.

भाऊजींनी माझ्याकडे वळून डोळे मोठे केले.

"मास्तर," ते कुजबुजले, "ही घोरते?"

"मला काय माहीत? नवरा तुम्ही आहात."

"अठ्ठावीस वर्षांत कधी ऐकलं नाही रे."

ते थोडा वेळ तसेच ऐकत राहिले. मग त्यांनी आपली उशी काढून, तिला जाग येणार नाही अशी, तिच्या मानेखाली सरकवली. मास्क नाकावर बसवला, पट्टा घट्ट केला आणि बिनउशीचे आडवे झाले.